नारिंगीकडे बघ

रात्री साडेअकराला निरोप आला: उद्या शमाल सुटतोय, सहाला या.
तीन दिवस समुद्र नुसता परातीतल्या पाण्यासारखा पडून,
आणि मी पैसे भरून बसलेली, परत न मिळणारे.
उद्या रात्रीचं विमान. म्हणजे उद्याच,
नाहीतर राहिलंच.

उम्म सुकैमच्या वाळूत तो उकिडवा बसला होता.
म्हणाला, मी जोमार.
वाऱ्यात मला ऐकू आलं, जोर मार.
फिलिपिन्सच्या कुठल्याशा बेटाचा, सव्विशीतला,
नाकावर पांढरं मलम, डोक्यावर नारिंगी टोपी.
वैजयंती त्याच्या जिभेला पेलेना. म्हणाला, बाय.
देवरुखची मावशी गेल्यापासून
मला बाय कुणी म्हटलं नव्हतं.

रबरी अंगरख्याची चेन पाठीवर, तिला लांब दोरी.
ती त्याने माझ्याच हातात दिली: ओढ.
एकटीला घालता यावा, एवढा विचार
ज्याने कुणी केला असेल, त्याचं भलं होवो.
चष्मा पिशवीत गेला. उणे साडेसात.
शिडासारखं ते जगप्रसिद्ध हॉटेल
दह्याच्या कवडीसारखं आभाळात विरघळलं.

आधी वाळूवरच. बोटाने त्याने फळी काढली,
मी तिच्यावर पालथी.
हात फासळ्यांशी, कोपरं मागे, आणि आता
एका झटक्यात उभी!
एकोणपन्नास वर्षांत एका झटक्यात मी काही केलेलं नाही.
हिशेब तपासते मी लोकांचे. तिथे झटका म्हणजे चूक.
आधी एक गुडघा, मग दुसरा, मग आई गं.
जोमार म्हणाला, गुडघे चर्चमध्ये.
लाट प्रार्थना ऐकत नाही.

घोट्याला दावं बांधून आत नेलं.
पाणी इतकं खारट
की बरणीतल्या कैरीची मला दया आली.
अकरा वेळा पडले. मोजणं धंद्यातच आहे.
खाली बघतेस म्हणून पडतेस, तो म्हणाला,
जिकडे बघशील तिकडे फळी जाते.
अरे, पण मला दिसतंय काय!

तेव्हा त्याने टोपी काढून हलवली.
हे दिसतं?
हे दिसतं.
मग मी किनाऱ्यावर जातो. आता ढकलायला कुणी नाही.
फक्त नारिंगीकडे बघ.

मागून आवाज आला, ओली चादर झटकावी तसा.
जोर मार, जोर मार, माझं मलाच.
हात, फासळ्या, कोपरं
आणि मग कसं ते विचारू नका, मधली नोंदच नाही,
मी उभी होते.
नारिंगी समोर होतं.
नारिंगी डावीकडे सरकत होतं.
मीही सरकले.
टोपी का चालतेय, एवढं विचारायला सवड कुणाला?
लोकांना सांगताना मी दहा सेकंद सांगते.
वहीत लिहायचे तर चार.

फळी वाळूला घासली. मी बसकण मारली.
समोर नगरपालिकेचा सफाईवाला:
नारिंगी जाकीट, हातात चिमटा,
चिमट्यात कुणाचा तरी वेफर्सचा पुडा.
आणि शंभर पावलं उजवीकडे
टोपी तशीच उंच धरून जोमार ओरडतोय,
बाय! इकडे! इकडे!

माणसाने गोणी खाली ठेवली.
छातीवर बिल्ला होता, मला वाचता येईना, म्हणून विचारलं.
तोफज्जल. सिल्हेट.
तो ओशाळून म्हणाला, दीदी, मैं हट जाऊं क्या?

नको, म्हटलं. जरा तिथेच थांबता का?
त्याने घड्याळ बघितलं. मुकादम आठला येतो, म्हणाला.
सात चाळीस झाले होते.
मी फळी वळवली.