एकेक मणका

एकतीस वर्षं मी खाली बघत आलो.
ग्दान्स्कच्या गोदीत, पंचेचाळीस मीटर उंच,
क्रेनच्या काचेरी डब्यातून, स्वतःच्याच दोन गुडघ्यांमधून.
माणसं म्हणजे टोप्या. टोपी काढली की टक्कल.
चाळीस टन पोलाद न हिंदकळता टेकवायचो,
आणि घरी आलो की पायात मोजा चढत नसे.

बुटाची नाडी ट्रुडा बांधायची.
चार वर्षं. न बोलता.
आमच्या बापाचा बाणा : मोडेन पण वाकणार नाही.
मी मोडलो होतो, वाकत नव्हतो;
बाणा तेवढा पाळला गेला.

डॉक्टर म्हणाला, पिलाटीज.
मला वाटलं, गोळीचं नाव.

बंद पडलेल्या बेकरीवरची खोली.
उन्हाळ्यात अजून फळ्यांतून पावाचा वास येतो.
चार सरकती बाकं, त्यांना स्प्रिंगा :
लाल, निळी, पिवळी.
कप्पी, दोर, पट्टे. सगळं ओळखीचं.
फक्त या खेपेला माल मीच.

इरमिना एकेकाळी बॅले नाचायची, घोट्यात खिळा आहे.
शब्द मोजून देते.
"हनुवटी आधी. आता एक मणका.
थांब. हा नाही, याच्या आधीचा."
माझ्या पाठीत एवढे मणके आहेत
हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.
साखळीचे दुवे गंजून
एकच सळई झाली होती.

श्वास सोडताना बरगड्या मिटायच्या,
ओली छत्री मिटावी तशा, सावकाश.
"जोर नको," ती म्हणते, "ताबा."
शेजारची चेलो वाजवणारी पोरगी
हात हलवत शंभर मोजते;
मी अठ्ठाविसाला थरथरतो, छताची ओल बघत.
खालून ट्राम जाते, स्प्रिंगा किणकिणतात.
कुणी हसत नाही.

चमत्कार झाला असं म्हणत नाही.
डावा पाय थंडीत अजून बधिर होतो.
पण रात्री कूस बदलतो आणि जाग येत नाही.
परवा गोदीबाहेर थांबून मान वर केली :
माझ्या क्रेनच्या टोकावर समुद्रपक्षी ओळीने,
आत कुणी नवा पोरगा, दिसला नाही.
त्याला ओरडून काहीतरी सांगायचं होतं.
काय, ते आठवेना.

आज सकाळी ट्रुडाचा गुडघा सुजलेला.
बाहेर बर्फ. तिचे उंच बूट, बाजूला चेन.
मी काही ठरवलं नव्हतं.
हनुवटी आधी. मग एक मणका. मग त्याच्या पुढचा.
फरशीपर्यंत पोचलो.
चेन अडकली, मागे घेतली, पुन्हा ओढली.

वरून आवाज आला,
"अरे, तुला टक्कल पडलंय की!"
एकोणचाळीस वर्षांच्या संसारात
तिने मला वरून कधी पाहिलंच नव्हतं.

मग तिने दुसरा पाय पुढे केला.