चौथी फेरी

विंटन, फेब्रुवारी. सावलीत एकेचाळीस,
आणि सावली म्हणजे टायरांच्या ढिगाची.
ब्रॉन्विनच्या हिरव्या गाडीतला सुपरचार्जर
हवेला मुठीत आवळतो.
आवळलेली हवा तापते,
त्याला इलाज नाही.

पहिल्या फेरीत अठ्ठेचाळीस.
दुसरीत एकसष्ट.
तिसरीत, सरळ रस्ता संपता संपता, त्र्याऐंशी
आणि इंजिन हात आखडता घेतं.
ठिणगीची वेळ बदलतं, गुपचूप,
स्वतःचा जीव जपत.
तिला वाटतं, पाय कमी पडतोय.
अजून दाबते.

मी तीस वर्षं मांसाची शीतगृहं दुरुस्त केली.
थंडी कुणी बनवत नसतं, बाई,
आतली उष्णता उचलून
बाहेर नेऊन टाकायची, बस.
पण आज बाहेर टाकायला जागा कुठंय?

पंपावरचा बर्फ दहालाच संपला.
उरला डेझमंडच्या पेटीतला, कोळंबीखालचा.
शेपट्या वेचल्या आणि तोच ओतला
इंटरकूलरच्या टाकीत.

“चौथी फेरी सावकाश मार.
वारा लागू दे तिला.”
“सावकाश जायला जिलाँगहून आले का मी?”

गेली मात्र.
वरच्या गिअरात, अर्ध्या पायानं,
मागच्यांना हात दाखवून पुढं सोडत.

परत आली तेव्हा काट्यावर चोपन्न.
हेल्मेट न काढताच म्हणाली,
“आत तळं आहे रे!
तीन वर्षं येतेय मी इथं.”

मग पाचवी फेरी. पाय पुन्हा तळाला.
पिटमध्ये दिवसभर
समुद्राचा वास.