सोयरीक

पांढरी व्हॅन चिखलात रुतवून तो आला
न्यूपोर्टहून, सकाळी साडेसातला.
मागच्या पिंजऱ्यात एक पूडल, माजावर आलेली,
थरथरणारी, गळ्यात गुलाबी पट्टा.
"तुमचा ड्रोव्हर द्या अर्ध्या तासासाठी.
दोन हजार पौंड, रोख. कागद नकोत मला."

एलुनेड प्रॉसर, वय एक्याऐंशी,
बुटांतला पेंढा झटकत म्हणाली, "चहा घे."
नाही म्हणायची तिची ही पद्धत
मला ठाऊक होती, त्याला नव्हती.

मी पडवीत ड्रोव्हरचे कान पुसत होते.
ओल्या गोणपाटाची दोन झापडं;
दोन दिवस विसरलं तर आंबतात.
बोटांमध्ये पडदे, बदकासारखे.
पाणमांजरांमागे अस्क नदीत पोहावा म्हणून घडवलेला कुत्रा.
त्या शिकारीवर बंदी आली तेव्हा मी पाळण्यात होते.
आता पाणमांजरं परत आलीत,
क्रिकहॉवेलच्या पुलाखाली त्यांच्या लेंड्या मी स्वतः पाहिल्यात.
संपत चाललाय तो हा, त्यांचा जुना वैरी,
दारात आडवा पडून पावाचा तुकडा मागणारा.

एलुनेडनं वही काढली,
निळ्या कापडी बांधणीची, कडा उंदरांनी चाखलेल्या.
आई, बाप, पणजी, खापरपणजी,
कुणाचं रक्त गोठत नव्हतं, कुणाला फिट यायची,
कोण कुणाच्या घरून परत आलं आणि का.
पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं:
पत्रिकाच की ही!
फक्त खुब्यांचे गुण छत्तीस आले
तर इथं सोयरीक मोडते.
आणि उरलेत इतके थोडे
की सगळेच सगोत्र.

हसता हसता काहीतरी टोचलंही होतं, सांगते.
माझ्या लग्नाला मिरजेहून मामा आला नाही.
"रक्त नासवलंस" एवढंच लिहून पाठवलं,
तेही पोस्टकार्डावर, पोस्टमन वाचेल असं.
त्याच मामाची भाची आता
वेल्सच्या डोंगरात कुत्र्यांची वंशावळ धरून उभी,
आणि दाराशी एक माणूस विचारतोय,
"मिसळलं तर बिघडतं काय?"

मला उत्तर येईना.

एलुनेडनं उत्तर दिलंच नाही, विचारत गेली.
हिचे खुबे तपासलेस? नाही.
पिल्लं किती? होतील तेवढी.
खपली नाहीत तर? त्यानं मोबाईलकडे पाहिलं.
वर्षाने कुणी परत आणलं,
चाळीस किलोचं, जटा झालेलं, सोफा खाल्लेलं,
नळाच्या आवाजालाही हंबरणारं,
तर दार उघडशील?
तो म्हणाला, सध्या फॅशन आहे.
नावही ठरलंय म्हणाला, गोंडस,
आईसक्रीमच्या चवीसारखं.

पूडलला मी पाणी पाजलं. तिचा काय दोष.
मग व्हॅन निघेना, ती आम्हीच ढकलली.

त्यानंतर एलुनेडनं शेवटचं पान उघडलं,
जे त्याला दाखवलं नव्हतं.
पेन्सिलीनं लिहिलेलं,
जातीच्या मंडळानं तीनदा नाकारलेलं:
बाहेरचं रक्त आणायचं, एकदाच,
फ्रान्समधल्या एका राठ केसांच्या मादीकडून,
तपासून, नोंदवून,
चार पिढ्या डोळ्यांत तेल घालून.
"मिसळू नये असं मी कधी म्हणाले?
मिसळून पळू नये."

चौथा अर्ज मी लिहिला, तिचा हात कापतो म्हणून.
'कारण' या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
तेवढ्यात ड्रोव्हर पाणी पिऊन आला,
दाढी थेट कागदावर टेकवली,
आणि शाई पसरली पार सहीपर्यंत.
एलुनेड म्हणाली, "असंच पाठवू का?"
मग आम्ही दुसरा कागद घेतला.