कूट

संकेश्वरात, स्टँडच्या मागं, आमची खानावळ.
बोर्डावर नाव कन्नडमध्ये मोठं,
मराठीत, उरली जागा तेवढं.

येणाऱ्याचं पोट आम्हाला पाठ असतं.
मगदूम मास्तर चातुर्मासात कांदा-बटाटा शिवत नाहीत,
दिवस मावळायच्या आत त्यांचं ताट लागतं.
कुलगुडेंना शुगर, त्यांना भात अर्धी वाटी,
मागितला तरी.
देवासाठी सोडलेलं आम्हाला लगेच कळतं.

म्हणून मागल्या माघात ती बाई म्हणाली,
"ह्याला शेंगा चालत नाहीत, जरासुद्धा,"
तेव्हा मी मान हलवली, सवयीनं.
चटणी वाढली नाही. तेवढंच केलं.
भरल्या वांग्याच्या पोटात काय असतं
ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या घासाला पोरानं ओठ चोळला.
मग तो ओठ ओठासारखा राहिला नाही.
मिरचीची पोती खाली टाकून
टेम्पो दवाखान्याकडं पळाला.
पोर वाचलं. हे आधी सांगायला हवं होतं.

इथं पाण्याला नीर म्हणायचं की पाणी
यावरून बोर्डांना काळं फासलंय लोकांनी.
शेंगांना मात्र दोन्हीकडं शेंगाच म्हणतात.
तो एक शब्द साऱ्या गावाला कळतो,
आणि मला ऐकू आला नाही.

"शेंगा बिट्ट अडगी ह्यांग माडूदरी?"
गंगव्वानं विचारलं, रागानं नव्हे.
दोन दिवस डबे उघडून वास घेत बसली.
मसाल्यात कूट, आमटीत कूट, तेल शेंगांचंच,
उलथन्याला कूट, तिच्या नखांत कूट.

वर्षानं ती दोघं परत आली.
का, ते विचारायचं धाडस झालं नाही.
आईनं टेबलावर आधी इंजेक्शन ठेवलं, मग पर्स.
मी "हो हो, चालेल" म्हणायला तोंड उघडलं,
तोवर गंगव्वा चुलीकडनं आली.
तोडक्या मराठीत म्हणाली,
"वांगं नाही. आमटी नाही. भाकरी पण नाही,
गिरणीत शेंगा भरडतात.
भात देते, दूध देते. थांबायला लागंल."

लेकीच्या रुखवतासाठी ठेवलेलं पातेलं
माळ्यावरनं काढलं, कागदासकट.
मागच्या दारात बसून नखं कापली.
चाळीस मिनिटं. बाकीची गिऱ्हाइकं ओरडली, ओरडू दे.

पोरगं जेवायला लागलं,
आणि आम्ही सगळे त्याच्या ओठांकडं बघत उभे.
"काय बघताय?" म्हणालं.
मग मी गल्ल्यातली चिल्लर मोजली,
मास्तरांनी घड्याळ बघितलं,
गंगव्वानं धुतलेली वाटी पुन्हा धुतली.

बिल तीस रुपये. आईनं पन्नास दिले,
मी वीस परत केले.
पोरगं दारात थांबलं:
"पुढच्या वेळी लोणचं मिळंल?"

गंगव्वानं बाजारची बरणी उचलली,
फिरवून मागची बारीक अक्षरं उजेडात धरली.
तिला वाचता येत नाही.
बरणी माझ्या हातात दिली,
आणि मी चष्मा शोधतोय.