फिल्म क्रमांक एकशे चौदा

वेर्ण्याच्या पठारावर, तिसऱ्या शेडमागच्या अंधाऱ्या खोलीत
आम्ही दोघं पोलादाची हाडं बघायचो.
जोडलेला पाइप, पाठीशी फिल्म,
समोर शिशाच्या डब्यातून क्षणभर उघडणारा डोळा,
मग उजेडाच्या पेटीवर
सांध्याचं करडं चित्र.

माल कुठं जातो ते कागदावर नसायचं.
पॅकिंगमधला बाबलो म्हणायचा,
जपून बांधा रे, अणूच्या घरचं सामान.

मार्च महिना होता. तिओतोन्यु कुलासोने
एकशे चौदा माझ्यापुढे ठेवली,
शेजारी एकशे एकतीस, तिच्या शेजारी एकशे चाळीस.
"तीन बुडबुडे. एक मोठा, दोन पिल्लं.
खाली केसाएवढा ओरखडा.
सांधे तीन, वेल्डर तीन, तारखा तीन,
आणि तीळ एकाच जागी?"

मी पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
म्हटलं, रिपोर्ट सोमवारी जायचाय.

त्याने दीड पान लिहिलं, स्वतःच्या हाताने,
आणि मुंबईला धाडलं, देखरेख करणाऱ्यांना.
अकराव्या दिवशी ते पत्र
आमच्याच साहेबांच्या टेबलावर उतरलं,
कोपऱ्यात हिरवा शेरा :
योग्य त्या कार्यवाहीसाठी.

कार्यवाही झाली.
छातीवरचा किरणांचा बिल्ला काढून घेतला.
बिल्ल्याशिवाय खोलीत पाऊल टाकता येत नाही,
नियमच आहे, सुरक्षेचा.
टेबल गेलं स्टोअरमध्ये, हातमोज्यांच्या खोक्यांपाशी.
काम : हातमोजे मोजणे.
मोजून झाले की
पुन्हा मोजणे.
आणि कंपनीच्या डॉक्टरला बावीस वर्षांनी दिसलं
की तिओतोन्युला नीट दिसत नाही.

बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी असायची.
मी दांडा धरून उभा राहायचो, थेट मडगावापर्यंत.
गुडघे दुखायचे.

त्याच सीटवर, त्याआधीच्या वर्षी कधीतरी,
त्याने मला बापाची गोष्ट सांगितली होती.
बाप राशोलला खाजनाच्या बांधावर राखण करायचा.
पुनवेच्या भरतीला कंदील घेऊन रात्रभर फेऱ्या.
खेकड्याचं बीळ करंगळीएवढं असतं, म्हणाला,
पण झुवारीला तेवढं पुरतं.
खारं पाणी एकदा आत आलं
की तीन वर्षं भात नाही.
बीळ दिसलं की बाप ओरडायचा,
आणि अख्खा वाडा उठून यायचा,
कुणाच्या हातात चिखलाचं घमेलं, कुणाच्या पेंढा,
पाद्रीसुद्धा लुंगीवर.
कुणी त्याला विचारलं नाही, तुझे डोळे बरे आहेत ना?
कुणी म्हटलं नाही, उद्या कचेरी उघडली की बघू.

ऑगस्टमध्ये त्याने राजीनामा दिला, की घेतला,
स्टोअरच्या रजिस्टरमध्ये दोन्ही शब्द आहेत.
त्याची खुर्ची मला मिळाली. खुर्ची बरी आहे, चाकांची.
एकशे चौदाखाली सही माझी आहे,
एकशे एकतीसखाली, चाळीसखालीही.
आता ते पाइप कुठल्याशा भिंतीत आहेत,
कढत पाणी रात्रंदिवस त्यांतून जातंय.
काही झालेलं नाही.
हे वाक्य मी रोज सकाळी
दाढी करताना वापरतो.

परवाच्या रविवारी राशोलला गेलो.
का गेलो ते बसमध्ये ठरवणार होतो, ठरलं नाही.
तो बांधावर होता, पँट गुडघ्यापर्यंत,
टाचेने चिखल दाबत.
त्याने 'ये' म्हटलं नाही. 'जा'ही म्हटलं नाही.
मी सांगू लागलो, मुलीची बारावी आहे,
घराचे हप्ते,
बोलत बोलत दोन पावलं पुढे.

"थंय पांय दवरूं नाका," तो म्हणाला.

मी पाय उचलला.
चपलेच्या ठशात
करंगळीएवढं पाणी
गोल गोल फिरत होतं.