इतिवृत्त

मी टंकलेखक. सुनावणीत मी बोलत नसतो.
मौजा हिवरडोह, जिल्हा नागपूर, शाळेचं पटांगण.
कनातीच्या भोकातून नोव्हेंबरचं ऊन
नेमकं माझ्या की-बोर्डवर, ‘ण’च्या आसपास.

विषय : सोन्याच्या खाणीचा विस्तार.
उपस्थिती : तीनशे बारा, अंगठे धरून.

कंपनीच्या तज्ज्ञांनी पडद्यावर तळं दाखवलं.
निळं. इतकं निळं तळं
ढिवरांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल.
सायनाईड बंदिस्त असतं, म्हणाले,
बांधाला तीन अस्तरं आहेत,
आणि पाझरलंच असतं तर वास आला असता की,
कडू बदामाचा.
(तो सगळ्यांच्या नाकाला कळत नाही,
हे त्यांनी खालच्या आवाजात जोडलं.)

फुलवंता वलथरे उठली. पदर खोचलेला,
शिंगाडे सोलून बोटं काळी.
“कडू बदाम कसा राह्यते जी?
आमी गोडच नाई खाल्ला अजून.”
हशा झाला.
मी लिहिलं : ग्रामस्थांनी वासाबाबत पृच्छा केली.

चैतराम मारबते आश्विनातल्या रात्रीचं बोलला.
बांध पाझरला तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.
पहाटे तो जाळं घेऊन गेला
तर जाळ्याचं कामच नव्हतं.
मरळ, शिंगूर, बोटाएवढी झोरीसुद्धा
पोटं वर करून काठाला लागलेली.
“पंगतच्या पंगत झोपली होती जी.”
आणि एक बगळा,
त्यातलीच एक चोचीत धरून पडलेला.
मी लिहिलं : जलचरांबाबत हरकत नोंदविण्यात आली.

सरकारी मराठीत कर्ता लागत नाही.
नोंद घेण्यात येते.
बाब निदर्शनास आणून देण्यात येते.
कोणी घेतली, कोणी आणून दिली,
कोण मेलं,
सगळं गाळता येतं, वाक्य न मोडता.
अठरा वर्षं मी हेच करतो आहे.
माझी गाळणी त्यांच्या तीन अस्तरांहून पक्की आहे.

मग पोरी आल्या टोपल्या घेऊन.
उकडलेले शिंगाडे, पळसाच्या पानावर,
मंचावर प्रत्येकी पाच. मलाही पाच.
“त्याच तळ्यातले हायेत,” फुलवंता म्हणाली,
“आजच तोडले. पाव्हने आले म्हनून.”

उपविभागीय अधिकारी पानाच्या शिरा पाहत राहिले.
कंपनीच्या साहेबांनी फोन उचलला,
जो वाजला नव्हता.
तज्ज्ञांना शुगर निघाली.
पटांगण गप्प. तीनशे बारा माणसं
त्या पाच-पाच शिंगाड्यांकडे बघत बसलेली,
वाफ जाईपर्यंत.

फुलवंताने माइक घेतला नाही.
“कोनी खाल्ला नाई.
एवढंच लिवून घ्या, बाबू.
आमचं दुसरं काई म्हननं नाई.”

माझी बोटं थांबली.
नमुन्यात तसा रकाना नाही.
साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, किंचित,
माशी उडवावी इतकी.

परतताना कन्हानचा पूल लागला.
हिवरडोहचा नाला पुढे कुठे जातो
हे मी कधी विचारलं नव्हतं.
ड्रायव्हरला माहीत होतं.

रात्री खिशात एक शिंगाडा निघाला.
कधी टाकला, आठवत नाही.
त्याची शिंगं मांडीला दिवसभर टोचत होती,
मला वाटलं होतं किल्ली असेल.
बायको म्हणाली, थंड झालाय, पण खा.
मी नाकाजवळ धरला.
मला काहीच वास आला नाही.
नळाचं पाणी ग्लासात घेतलं. तेही हुंगलं.
काहीच नाही.

बारा वाजता पुन्हा मशीन उघडलं.
पान सात, शेवटचा परिच्छेद :
‘फुलवंता वलथरे यांनी सर्वांना शिंगाडे वाढले.
उपविभागीय अधिकाऱ्यांनी खाल्ले नाहीत.
कंपनीच्या अधिकाऱ्यांनी खाल्ले नाहीत.
मी खाल्ले नाहीत.’

उद्या हे हिरव्या शाईने खोडलं जाईल.
नाही.
उद्या हे साहेब खोडतील.