माया

बांतामाच्या चढावर, निळ्या लोखंडी खोक्यात
मॅडम सेरवाचं दुकान.
कुमासीत शिवण शिकायची तर पहिलं वर्ष
सिमेंटच्या पिशवीचा कागद.
त्यावर दोऱ्याशिवाय सुई चालवायची,
भोकांची रांग उजेडाला धरून दाखवायची.
रांग वाकडी, तर जा, इस्त्रीचे कोळसे फुंक.

मी वर्षभर फुंकले.

मग काठ.
आधी बोटभर दुमड, नखानं दाब,
पुन्हा दुमड, इस्त्री, टाचण्या,
आणि मगच टीप.
सरळ बाजू ती बघायचीच नाही.
झगा उलटा करायची,
कल्ले उघडून मासळी पारखावी तसा,
आणि उसवणी पुढे सरकवायची.

लेसला चाक हातानंच फिरवायचं.
वळणावर सुई कापडात रुतलेली ठेव,
फूट उचल, कापड फिरव,
लेस जराशी ढिली सोड, ओढलीस की रुसते.
वीज गेलेली आम्हाला कळायची
समोरच्या न्हाव्याचा रेडिओ थांबला की.

न्यारको बाईंचा झगा मी एकटीनं शिवला.
आतूनही देखणा दिसावा म्हणून
कुशीतली माया कातरली,
दोन बोटं होती, नखाएवढी ठेवली.
मॅडमनं उलटा केला, बघत राहिली.
उसवणी पुढे आली नाही.
मला वाटलं, जिंकले.

पाच महिन्यांनी बाई आल्या, सातवा लागलेला.
"जरा सैल करतेस?"
आत सोडायला काही नव्हतंच.
मॅडम म्हणाली, "आता?"

रात्री दोन्ही कुशी उसवल्या,
काखेपासून खाली चार बोटं लेस भरली,
मागून अस्तर.
रविवारी चर्चच्या पायरीवर बायकांनी बाईंना घेरलं.
महिन्याभरात अकरा झगे आले,
सगळ्यांना कुशीला लेस हवी.
पोट एकीचंही नव्हतं.
मॅडमनं दर झग्यामागे वीस सेडी वाढवले
आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शिकणं संपलं त्या दिवशी
पांढरा झगा तिनंच शिवून दिला.
डोक्यावर पावडर उधळायला सगळ्या जमलेल्या,
मी आडोशाला जाऊन तो उलटा केला.
दोन्हीकडे चार-चार बोटं माया.
केवढी फुगणार आहे मी, हिच्या मते?
आणि गळ्याच्या लेसला, वळणावर,
एक टाका सुटलेला.

बाहेर आले.
मॅडम पावडरच्या डब्याचं झाकण
दातांनी उघडत होती.